मु. पो. बुऱ्हाणपूर

मोठं कुटुंब प्रवासाला निघालं की मुक्काम ठरवल्या गावी पडत नाही, जिथे अंधार गाठतो तिथे पडतो. आमच्या माहेरचे एकोणतीस जण ज्योतिर्लिंगांना निघाले होते. एक सव्वीस सीटची ट्रॅव्हलर आणि मागे दादाची गाडी. वेरूळला घृष्णेश्वराचा अभिषेक उरकायचा, अजिंठ्याचा घाट उतरायचा, रात्री ओंकारेश्वर गाठायचं, दुसऱ्या दिवशी उज्जैन. कागदावर सगळं बसत होतं. कागद मोठ्या वहिनीच्या पर्समध्ये होता आणि तिथेच राहिला.

आम्ही सासवडचे. म्हणजे सोपानकाकांच्या गावचे. जामनेर, बोदवड करत मुक्ताईनगरची पाटी दिसली तेव्हा मोठी काकू सीटवरून उठून उभी राहिली. चालत्या गाडीत. वय एक्क्याऐंशी. “भावाच्या गावाहून आलोय आणि बहिणीला न भेटता पुढं जायचं?” मुक्ताबाई सोपानदेवांची धाकटी बहीण, आणि ती इथे तापीकाठी विसावलेली. दरवर्षी आषाढी वारीला दोघांच्याही पालख्या आपापल्या गावाहून पंढरपूरला निघतात. काकूने आयुष्यभर भावाच्या पालखीला वाटे लावलेलं. बहिणीकडे जाणं तिच्या लेखी देवदर्शन नव्हतं, ते सोयरिकीतलं येणंजाणं होतं. दर्शन झालं, मंडपात फुगड्या झाल्या, चुलत्यांनी जुनं देऊळ कोथळीला आहे असं कुठून तरी ऐकलं आणि तिथेही जाऊन आले. गाड्या निघाल्या तेव्हा केळीच्या बागांवर ऊन पार कललं होतं.

सरहद्द ओलांडून इच्छापूर गेलं. टेकडीवर इच्छादेवीचे दिवे लागलेले. पुढे रस्त्याचं काम, केळीचे ट्रक, धूळ. बुऱ्हाणपुरात शिरताना ड्रायव्हरदादांनी गाडी बाजूला घेतली आणि सांगून टाकलं, “रात्री असीरचा घाट नको. लहान पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत.” त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. प्रवासात घरातला कर्ता पुरुष म्हणजे ड्रायव्हर, बाकीचे पाहुणे.

बुऱ्हाणपूरबद्दल आम्हाला काय माहीत होतं? शाळेतल्या इतिहासातलं एक वाक्य: संभाजीराजांनी बुऱ्हाणपूर लुटलं. शिवाय ‘छावा’ सिनेमा बघितलेली चार पोरं. एवढ्या ऐवजावर रात्री साडेआठला एकोणतीस माणसांची सोय लावायची होती.

या सोयीचं एक शास्त्र आहे. फोनवरच्या ॲपला मोठं कुटुंब कळत नाही. ते विचारतं, खोल्या किती, प्रत्येकीत माणसं किती. आम्हाला हवा असतो हॉल, गाद्या, चार संडास आणि त्यातला एक तरी कमोडचा, कारण आत्याचे गुडघे. दोन लॉजवाल्यांनी आकडा ऐकूनच मान हलवली. तिसऱ्याने सहा खोल्या दाखवल्या, तीन वेगवेगळ्या मजल्यांवर, लिफ्ट नाही. शेवटी शनवारा दरवाजाजवळच्या चहावाल्याने मार्ग काढला. तो आमच्याशी सरळ मराठीत बोलला. त्याची बायको रावेरची. या शहरात मराठी, निमाडी, उर्दू, गुजराती अशा सगळ्याच बोलींचा राबता आहे. तो म्हणाला, “लॉजचा नाद सोडा. सध्या खरमास चालू आहे. लग्नं बंद. सगळी कार्यालयं रिकामी पडलीत.”

नाताळच्या सुट्टीत उत्तरेकडे निघणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे टिपून ठेवावं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत तिकडे मुहूर्त नसतात, त्यामुळे मंगल कार्यालयांच्या गाद्या, पातेली, गॅस, पाणी सगळं धूळ खात असतं. आम्हाला एक हॉल मिळाला, शिवाय वधूपक्षाची खोली. मॅनेजरने रजिस्टर उघडलं आणि प्रत्येकाचं आधार कार्ड मागितलं. त्याला वाटलं असेल, आता तासभर हे बॅगा उपसत बसणार. मोठ्या वहिनीने प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. कुटुंबवार पिना मारलेल्या झेरॉक्स, वर यादी, यादीत वय आणि रक्तदाबाची गोळी आहे की नाही याची खूण. मॅनेजर यादीकडे बघत राहिला आणि मग त्याने स्वतःहून दोन हजार कमी केले.

आता जेवण. तीर्थाला निघालेलो, म्हणून सामिष नको. बुऱ्हाणपूरचा मांडा खरा तर लग्नात मटणाच्या रश्श्याबरोबर खातात, पण आम्ही तो डाळीबरोबर खाल्ला आणि तक्रारीला जागा राहिली नाही. रस्त्याकडेला भट्टी, तिच्यावर उपडी घातलेली भली मोठी लोखंडी कढई. मांडेवाला मैद्याचा सैल गोळा दोन्ही तळहातांवर झुलवत झुलवत वाढवतो. गोळा मनगटाला येतो, मग कोपरापर्यंत पसरतो, आणि त्यातून पलीकडचा दिवा दिसायला लागला की हात फिरवून तो कढईच्या पाठीवर सोडतो. क्षणभरात फोड येतात, उलटा होतो, रुमालासारखी घडी पडते. आमची धाकटी काकू खानदेशची माहेरवाशीण. खापरावर पुरणाचे मांडे करणाऱ्या बायका तिने लहानपणापासून पाहिलेल्या. ती भट्टीसमोरून हलेचना. शेवटी तिने विचारलं, “पीठ किती वेळ भिजवता?” मांडेवाल्याने हसून उत्तर टाळलं. ती मागे वळून आम्हाला म्हणाली, “नाही सांगायचा. मीही नसतं सांगितलं.”

त्यावर खव्याची जिलबी. मुंबईत रमजानच्या दिवसांत मोहम्मद अली रोडवर ‘बुऱ्हाणपूरची’ म्हणून जी विकतात, तिचं हे मूळ गाव. काळपट, जाडजूड, गरम. दोन खाल्ल्या की माणूस बसतो. काकांनी चार खाल्ल्या.

गाद्या पसरल्यावर पुरुष मंडळी फोनवर शहराची माहिती वाचायला लागली, आणि तासाभराने हॉलचा सूर बदलला. नाइलाजाने थांबलो होतो, आता सकाळी अर्धा दिवस इथेच घालवायचा असं ठरलं. वहिनीने ओंकारेश्वरच्या भक्तनिवासाला कळवून टाकलं.

झालं असं की हे गावच मुळी वाटेवरच्यांचं. उत्तरेतून दक्षिणेत उतरायचं तर सातपुड्यातून जी वाट फुटते तिच्या तोंडाशी, तापीच्या काठावर हे वसलं. फारुकी सुलतानांनी चौदावं शतक सरता सरता ते वसवलं आणि नाव दिलं सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं. समोरच्या काठावरचं जैनाबाद त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचं. हे दोघेही खुलताबादला चिरविश्रांती घेताहेत. म्हणजे त्याच दिवशी सकाळी वेरूळच्या देवळातून निघून ज्या गावाला आम्ही खिडकीतून हात केला होता, तिथे. जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर, बुऱ्हानुद्दीनांच्या आवारात पहिल्या निजामाची. आणि हा निजाम, आसफजहा, १७४८ साली वारला तो बुऱ्हाणपुरातच. इथून त्याला तिकडे नेलं. आमचा प्रवास नेमका उलट्या दिशेने चालला होता, काकांनी हे फार गंभीरपणे लक्षात आणून दिलं. आत्याने त्यांना झोपायला सांगितलं.

अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. त्यानंतरची शंभर वर्षं दक्षिणेच्या प्रत्येक मोगली स्वारीचा पहिला मोठा तळ बुऱ्हाणपूर. बादशाह, शहजादे, सुभेदार, आणि त्यांच्यामागे जनानखाना, आचारी, भिस्ती, सुतार, घोडे, हत्ती. पुस्तकात याला लष्कर म्हणतात. पण त्यातली अर्धीअधिक माणसं लढणारी नव्हती. ती कुणाची तरी आत्या होती, कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी खानसामा. १६८१ च्या जानेवारीअखेरीस हंबीरराव मोहित्यांच्या घोडदळाने शहराबाहेरचं बहादूरपुरा लुटलं तेही यामुळेच, कारण एवढी वर्दळ जिथे थांबते तिथे सावकार आणि सराफ बसतात. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने इथल्या तलम कापडाची तारीफ केली आहे, ते इराण, तुर्कस्तान, अगदी पोलंडपर्यंत जाई. आजही सकाळी जाग येते ती पॉवरलूमच्या खडखडाटाने. लुटीच्या वर्षीच, नोव्हेंबरात, औरंगजेब स्वतः येऊन इथे थांबला. इथून दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. पंचवीस वर्षं तंबूत काढून अहमदनगरला मेला.

सकाळी शाही किल्ला. तापीवर उभा आहे, बराचसा पडलेला. आत हमाम आहे. छताला रंगीत चित्रकाम, फुलं, वेली, काही ठिकाणी रंग अजून ताजे वाटतात. एका आकृतीकडे बोट करून गाइड सांगतो की ताजमहालाची कल्पना इथूनच सुचली. दुसरा गाइड सांगतो की ताज इथेच व्हायचा होता, पण मातीला वाळवी होती. मला दोन्हीत राम वाटला नाही. अशा गोष्टी पाहुण्यांसाठी तयार होतात. जे खरं घडलं त्याला पदरच्या भरीची गरज नाही.

१७ जून १६३१ ला मुमताजमहल इथे बाळंतपणात गेली. चौदावं मूल. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली. शाहजहान दक्षिणेतल्या मोहिमेवर आला होता, तीही बरोबर आली होती. दक्षिणेत आणि गुजरातेत त्या वर्षी भयंकर दुष्काळ चालू होता. तिला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं, डिसेंबरात तिथून काढून आग्ऱ्याला नेलं. चौदांपैकी सात मुलं मोठी झाली.

गाइडने हे ठरलेल्या सुरात सांगितलं, ‘अमर प्रेम’ वगैरे जोडून. आमच्या बायका ऐकत होत्या. मग मोठी काकू खाली दगडावर टेकली आणि तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती महिने गाडीत बसून आली होती? गाडी नाही काकू, पालखी, हत्ती. बरं, हत्ती. सुईण बरोबरची होती की इथली? दुखायला किती वेळ लागला? तीस तास, गाइड म्हणाला, कुठे ऐकलं होतं कोण जाणे. काकूने डोळे मिटले. तिची स्वतःची पाच, त्यातलं एक गेलेलं, आणि एक झालेलं लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर जाताना, वाटेतल्या गावी, अनोळखी माणसांच्या ओसरीवर. तेव्हा त्या घरातल्या बाईने पाणी तापवलं होतं. हे तिने सांगितलं आणि आमच्या पंचविशीच्या दोन सुना, ज्या मघापासून हमामात सेल्फी काढत होत्या, तिच्याशेजारी येऊन बसल्या. एक सून चार महिन्यांची गरोदर होती. तिला प्रवासाला आणावं की नाही यावर सासवडला आठवडाभर चर्चा झाली होती. मुमताजला असं कुणी विचारलं असेल का, हे माझ्या मनात आलं. वहिनीने मात्र उठून त्या सुनेला नारळपाणी आणायला माणूस पिटाळला.

कुंडी भंडारा गावाबाहेर आहे. पोरांना सगळ्यात जास्त हेच आवडलं, आणि मलाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखानान सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली. सातपुड्याच्या कुशीत झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, नुसत्या उताराच्या जोरावर, शहरापर्यंत आणायचं. बोगद्याच्या माथ्यावर ठरावीक अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या, हवेसाठी आणि गाळ काढायला. वरून बघितलं तर माळावर एका ओळीत शंभरावर कठडे दिसतात. लिफ्टने खाली उतरायचं, सुमारे ऐंशी फूट. एका वेळी मोजकीच माणसं. म्हणजे आमच्या सगळ्या फेऱ्या व्हायला सकाळ गेली. खाली गुडघाभर नितळ पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, वरच्या कुंडीतून पडलेला उजेडाचा गोल. धाकटे काका पाटबंधारे खात्यातून सेवानिवृत्त. ते पाण्यात उभं राहून उतार किती असेल याचा हिशोब करत बसले आणि दोनदा लिफ्ट त्यांना न घेता वर गेली.

हे वाचताना छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांना नहर-ए-अंबरी आठवली असेल. बरोबर. विद्या एकच, काळ एकच. फक्त ती नहर मलिक अंबरची, आणि हा भंडारा ज्याच्या सुभेदारीत झाला तो खानखानान मलिक अंबरशी लढायलाच दक्षिणेत आलेला. दोन शत्रू एकमेकांवर तोफा रोखून होते आणि दोघेही आपापल्या शहरात जमिनीखालून पाणी खेळवत होते. २०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. ते झालं नसतं तरी चाललं असतं, पाणी अजून वाहतंय.

दुपारचं जेवण बडी संगत गुरुद्वाऱ्यात. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना बुऱ्हाणपुरात राहिले होते. लंगरच्या सेवादाराला दादाने जरा चाचरतच सांगितलं, आम्ही एकोणतीस आहोत. त्याने मागे वळून बघितलं आणि म्हणाला, बस? शहरात आल्यापासून आमच्या आकड्याने दचकला नाही असा हा पहिला माणूस. वहिनी आणि सुना जेवण झाल्यावर भांडी घासायला बसल्या. त्यांना उठवायला अर्धा तास लागला.

जामा मशिदीत फक्त संस्कृतवाले काका जाऊन आले. राजा अली खान फारुकीने १५९० च्या सुमारास ती पुरी केली. आत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. सृष्टिकर्त्याला नमन, मग फारुकींची वंशावळ, मग विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ असा पंचांगाबरहुकूम काळ. काका परत आले ते शाळेत पहिल्या आलेल्या पोरासारखे. गाडीत पुढचा तासभर त्यांनी तो लेख सगळ्यांना समजावून दिला. कुणी ऐकत नव्हतं.

एक गोष्ट दादाने हट्टाने करायला लावली. शहराबाहेर, मोहना आणि तापीच्या संगमावर, बोहरडा गावाजवळ मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. आमच्या घराच्या गच्चीवरून पुरंदर दिसतो. १६६५ चा वेढा, मुरारबाजी, तेवीस किल्ल्यांचा तह, हे सगळं आमच्याकडे शेजारच्या घरातल्या भांडणासारखं सांगतात. जयसिंगाचा तळ त्याच रानात होता जिथे आता आमची अंजिराची बाग आहे, असं दादा म्हणतो, आणि त्याला कुणी अडवत नाही. शिवाजीमहाराज आग्ऱ्याहून निसटल्यावर औरंगजेबाची मर्जी फिरली, जयसिंगाला दक्षिणेतून परत बोलावलं, आणि १६६७ च्या ऑगस्टात वाटेवर बुऱ्हाणपुरात तो वारला. आमेरला पोचलाच नाही.

छत्री देखणी आहे. राजपुती खांब, कमानी, खाली नदी. आम्ही गेलो तेव्हा एक गुराखी सोडला तर कुणी नव्हतं. धाकट्या चुलत भावाने प्रश्न काढला, ज्याने आपला गड घेतला त्याच्या छत्रीला नमस्कार करायचा का? चर्चा रंगली. दादाचं म्हणणं, तह करणारा होता, गर्दन मारणारा नव्हता. भाऊ म्हणाला, मुरारबाजीच्या घरच्यांना विचार. काकूने काठी आपटली. “करा रे नमस्कार. म्हातारा माणूस, घरापासून लांब मेला.”

“म्हातारा कुठला, छप्पन्न,” दादा म्हणाला.

“छप्पन्न? मग पोरगाच की.”

साडेतीनला निघालो. जिलबीचे डबे, दराबा, केळ्यांचा एक अख्खा घड. उजवीकडे कुठेतरी नेपानगर, जिथल्या कारखान्यात पन्नासच्या दशकात वृत्तपत्राचा कागद बनू लागला, देशातला पहिलावहिला. काकांनी दोन्ही बाजूंना बघत ‘आपला पेपर इथून यायचा’ असं तीन वेळा सांगितलं.

असीरगड वीसेक किलोमीटरवर. पायथ्याशी चहाला थांबलो, वर चढायला वेळ नव्हता. खालूनच मान वर करून बघितला. ‘दक्खनचा दरवाजा’ म्हणत याला, आणि ते पटतं, कारण सगळा घाट त्याच्या नजरेखाली. ‘छावा’ आल्यावर २०२५ च्या मार्चमध्ये इथल्या शेतांत रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं मोगली मोहरा शोधायला खणत होती, ती बातमी देशभर गेली होती. चहावाल्याला आम्ही विचारलं, काही मिळालं का कुणाला? तो म्हणाला, शेतवाल्यांना खड्डे मिळाले. गडावर महादेवाचं देऊळ आहे, तिथे अश्वत्थामा अजून पहाटे पूजेला येतो असंही त्याने सांगितलं. हे मात्र त्याने हसत सांगितलं नाही.

गाडीत बसल्यावर नेहमीप्रमाणे डोकी मोजली. हे काम भाच्याकडे. त्याने पुढून मागे मोजलं, मागून पुढे मोजलं, मागच्या गाडीला फोन करून विचारलं आणि आकडा आला तीस. पुन्हा मोजलं. तीस. ड्रायव्हरदादांना धरलंस का रे, वहिनी म्हणाली. नाही धरलं, तो म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, “अश्वत्थामा बसलाय!” पोरींनी किंकाळ्या फोडल्या.

काकूने डोळेही उघडले नाहीत. “बसू दे. वहिनी, त्याच्याकडून डिझेलचे पाचशे घे आधी.”